समाजाचं काय शिकायचं?

दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस आमच्या शाळेत पालकांची ये-जा सुरू असते. प्रश्न एकच असतो आणि उत्तर बहुतेक घरूनच ठरवून आणलेलं असतं. ऐंशीच्या वर टक्के पडले तर सायन्स, साठ-सत्तर असतील तर कॉमर्स आणि काठावर पास झाला तर आर्ट्स. मुलगी असेल तर आणखी एक चौथी शाखा असते, ‘घरी बसव’. ही उतरंड कोणी कुठे लिहून ठेवलेली नाही, पण मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही ती पाठ आहे.

गेल्या जूनमध्ये असेच एक वडील आले. यंत्रमागावर काम करतात, रात्रपाळी संपवून थेट शाळेत आले होते. मुलीला उत्तम मार्क पडलेले. आणि ती म्हणत होती, मला आर्ट्स घ्यायचं आहे, समाजशास्त्र शिकायचं आहे. “मॅडम, इतने अच्छे मार्क लेके आर्ट्स?” ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, “समाज का क्या पढ़ना? समाज में तो हम रहते ही हैं.”

मी म्हटलं, “भाई, शरीरात पण आपण जन्मापासून राहतो, तरी आजारी पडलो की डॉक्टर लागतोच.” ते हसले. पण हसणं म्हणजे पटणं नव्हे, हे वीस वर्षं शिकवल्यावर कळतं. त्यांचा प्रश्न साधा होता आणि खराही होता. म्हणून जरा सविस्तर उत्तर इथे लिहिते आहे. ते त्या एका वडिलांसाठी नाही, तो प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असतो म्हणून.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे कुठलाही विषय आला की आधी शब्दांकडे पाहायची खोड आहे. मराठीत आपण ‘संशोधन’ म्हणतो. त्याच्या मुळाशी ‘शुध्’ धातू आहे, म्हणजे त्यात शोधणंही आलं आणि शुद्ध करणंही आलं. जुन्या ग्रंथांवर ‘संशोधित आवृत्ती’ असं छापलेलं असतं ते याच अर्थानं. उर्दूत शब्द आहे ‘तहक़ीक़’. त्याच्या मुळाशी आहे ‘हक़’, म्हणजे जे खरं आहे ते. एखादी गोष्ट हक़ आहे का, हे पारखून घेणं म्हणजे तहक़ीक़. याच शब्दाचं अनेकवचन ‘तहकीकात’ मराठीत आलं आणि पोलीस चौकीत जाऊन बसलं! पण तेही काही वाईट नाही. चौकीत काय किंवा विद्यापीठात काय, पुरावा लागतो, साक्षीदार लागतो आणि ‘तुला हे कसं कळलं?’ या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

गंमत अशी की या दोन्ही शब्दांत प्रयोगशाळा कुठेच नाही. पण विज्ञान दिनाला वर्गात ‘संशोधकाचं चित्र काढा’ म्हटलं की सगळ्या वह्यांत एकच माणूस उगवतो. पांढरा कोट, चष्मा, विस्कटलेले केस आणि हातात धूर निघणारी परीक्षानळी. बाई नसते, झाडाखाली बसलेला माणूस नसतो, एखाद्या म्हातारीशी बोलत बसलेली मुलगी तर नाहीच नाही.

म्हणून मी मुलांना पोलिओची गोष्ट सांगते. ‘दो बूँद’ त्यांना ठाऊक असतात, प्रत्येकाच्या करंगळीला कधीतरी शाई लागलेली असते. त्या दोन थेंबांच्या मागे कोण कोण उभं होतं, ते मात्र त्यांना ठाऊक नसतं.

गोष्ट प्रयोगशाळेतच सुरू होते. १९४९ साली अमेरिकेत जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स या तिघांनी पोलिओचा विषाणू मज्जातंतूंखेरीज दुसऱ्या पेशींतही वाढवता येतो हे दाखवून दिलं. १९५४ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणू हवा तेवढा वाढवता येऊ लागला, म्हणून लस शक्य झाली. १९५५ साली जोनास साल्क यांची टोचायची लस आली, पुढे अल्बर्ट सेबिन यांची तोंडातून द्यायची लस आली. इथपर्यंत सगळं मुलांच्या चित्रातलंच आहे, कोट आणि परीक्षानळी.

आपल्याकडे १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. रविवारी बूथ, मग घरोघर फेरी. आणि तरीही २००९ साली भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला. त्या वर्षी जगात जेवढे रुग्ण सापडले त्यांतले जवळजवळ निम्मे आपल्या देशात होते, आणि त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये. लस हाताशी आहे, माणसं दारोदार फिरताहेत, मग रोग का जात नाही?

या एका प्रश्नाला वेगवेगळ्या विद्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि ती सगळी खरी निघाली.

पहिलं उत्तर आकडेवाल्यांचं. साथरोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी रुग्ण मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनेक मुलांना बरेच डोस मिळाले होते आणि तरीही पोलिओ झाला होता. म्हणजे सगळा दोष आईबापांचा नव्हता. दाट वस्ती, घाण पाणी आणि सतत होणारे जुलाब यांमुळे त्या भागात एकेक डोस कमी लागू पडत होता. शिवाय एकाच थेंबात विषाणूचे तीन प्रकार असल्यानं ते एकमेकांच्या आड येत होते. मग २००५ पासून एकाच प्रकाराविरुद्धची आणि २०१० पासून दोन प्रकारांविरुद्धची लस वापरायला सुरुवात झाली.

दुसरं उत्तर मुंबईतून आलं. परळला तेव्हा एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं. ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडेल त्याच्या शौचाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जायचे. विषाणू सापडला की त्याची जनुकीय मांडणी वाचायची आणि तो कोणत्या भागातून कुठे गेला ते ओळखायचं. एवढ्यावर न थांबता २००१ पासून मुंबईतल्या सांडपाण्याचे नमुने घ्यायला सुरुवात झाली. एकही मूल आजारी पडलेलं नसलं तरी वस्तीत विषाणू फिरतो आहे का, हे गटाराचं पाणी सांगतं. ज्या नाल्यावरून आपण नाक दाबून जातो तिथे बाटली घेऊन वाकलेला माणूसही संशोधकच असतो, हे सांगितलं की वर्गात हसू फुटतं. मग हळूच एखादा मुलगा चित्र खोडू लागतो.

तिसरा प्रश्न मात्र कुठल्याही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येण्यासारखा नव्हता. दार का बंद होतं?

हा प्रश्न मी स्वतः पाहिलेला आहे. नोकरीला नुकती लागले होते तेव्हा पोलिओच्या फेरीत माझी ड्यूटी लागायची, उर्दू येते म्हणून मुद्दाम आमच्याच मोहल्ल्यांत. घरातल्या सगळ्या मुलांना थेंब पाजले की दारावर खडूनं ‘पी’ लिहायचं, कोणी राहिलं किंवा नकार आला तर ‘एक्स’. एका गल्लीत अशा फुल्या बऱ्याच होत्या. अशाच एका दारामागून एक दादीजान म्हणाल्या, “बेटी, बुखार की गोली मांगने जाओ तो दवाखाने में नहीं मिलती. और ये दवा घर पे लेके आते हो, वो भी बार-बार. क्यों?”

मुलं होऊ नयेत म्हणून ही दवा देतात, ही अफवा त्या काळात गावोगाव होती. बाहेरून पाहणारा म्हणेल, अडाणी लोक आहेत, अंधश्रद्धा आहे. पण समाजाचा अभ्यास करणारा माणूस तिथे थांबत नाही. तो विचारतो, ही भीती आली कुठून? मग इतिहास समोर येतो. आणीबाणीत उत्तरेत सक्तीची नसबंदी झाली होती, तिची आठवण घराघरांत जिवंत होती. अर्थकारण समोर येतं. वर्षभर ज्या गल्लीत ना नळ नीट येतो, ना गटार साफ होतं, तिथे सरकार एकाच औषधासाठी पुन्हा पुन्हा दार वाजवतं, तेव्हा संशय येणं हे वेडेपण नव्हे, अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. त्या दादीजाननी एका वाक्यात जे सांगितलं, तेच उत्तर प्रदेशात फिरणाऱ्या अभ्यासकांना दारोदार ऐकू येत होतं.

हे नीट कळल्यावर मोहिमेची रीत बदलली. उत्तर प्रदेशात युनिसेफच्या पुढाकारानं त्याच वस्तीतल्या बायकांना सोबत घेतलं गेलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द ही विद्यापीठं या कामात उतरली. उलेमा पुढे आले, मशिदीतून एलान झाले. पोलिओच्या थेंबांसोबत इतर दुखण्यांवरचे उपचारही वस्तीत पोचू लागले. वीटभट्ट्यांवरची आणि रेल्वेतून येजा करणारी कुटुंबं कुठल्याच यादीत नव्हती, त्यांना शोधून काढलं गेलं. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

आता यांतलं खरं संशोधन कोणाचं? विषाणू वाढवणाऱ्यांचं, आकडे मांडणाऱ्यांचं, गटारातलं पाणी तपासणाऱ्यांचं की बंद दारासमोर बसून ऐकणाऱ्यांचं? यांतलं एक जरी काढून घेतलं असतं तर पोलिओ गेला नसता. मग आपल्या घरात पहिल्याला पेढे आणि शेवटच्याला ‘आर्ट्सवाला’ का?

प्रत्येक विद्येची खरं शोधायची स्वतःची रीत असते, आणि तीत केवढी विविधता असते ते पाहण्यासारखं आहे.

काही विद्या नुसतं पाहतात. अलिबागजवळच्या किहीममध्ये १९३० च्या सुमारास सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर बैठक मारली. त्यांच्याकडे प्राणिशास्त्राची रीतसर पदवी नव्हती, हातात नोकरी नव्हती. दुर्बीण, वही आणि सबुरी एवढंच भांडवल होतं. तासन् तास पाहून त्यांनी लिहिलं की घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की मादी येते, तपासते आणि पसंत पडलं तरच राहायला लागते. मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला, म्हणजे दुसऱ्या मादीसाठी, लागतो. मराठीनं या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणून सगळं श्रेय बाईला दिलं. बहिणाबाई चौधरींची त्यावरची कविता तर आपल्या सगळ्यांना प्यारी आहे. उर्दूत तोच पक्षी ‘बया’, आणि व्याकरणात तो पुल्लिंगी! म्हणून उर्दू जिंकली असं मात्र नाही. बहिणाबाई घर सांभाळणाऱ्या जिवाबद्दल बोलत होत्या आणि सलीम अली एका पक्ष्याबद्दल. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी. हा फरक ओळखता येणं हेच शिक्षण.

काही विद्या वाचतात, पण पारखून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. देशभरातल्या बाराशेहून जास्त हस्तलिखितांचा मेळ घालत, कुठल्या प्रतीत कोणती ओळ मागाहून आली हे तपासत जवळजवळ पन्नास वर्षं हे काम चाललं. आपल्या वाचकांना ही रीत परकी वाटू नये. हदीसच्या विद्वानांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. एखादी हदीस समोर आली की नुसता मजकूर, म्हणजे मत्न, बघून भागायचं नाही. सनद मागायची. हे तुला कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, ते दोघं कधी भेटले होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरं बोलणारा म्हणून ओळखला जायचा का? सांगणाऱ्यांच्या या चरित्रांचंच अस्मा-उर-रिजाल नावाचं शास्त्र उभं राहिलं. परीक्षानळी नाही, पण तहक़ीक़ शंभर टक्के.

आणि काही माणसं अशी होऊन गेली की त्यांनी या भिंती मानल्याच नाहीत. अकराव्या शतकात अल-बेरुनीनं नंदनाच्या किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वी केवढी आहे याचं गणित मांडलं. याच माणसानं हिंदुस्थानातल्या लोकांचे विचार समजून घ्यायला संस्कृत शिकून घेतली आणि किताब-उल-हिंद लिहिली. डोंगर मोजायला त्यानं उपकरण वापरलं आणि माणूस समजायला त्यांची भाषा. उपकरणानं माणूस मोजायला गेला असता तर फसला असता. आपल्याकडे गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणितज्ञ. नाणी हातोहात फिरताना झिजतात आणि हलकी होतात, हे लक्षात घेऊन त्यांनी प्राचीन नाण्यांची वजनं केली आणि त्या आकड्यांतून इतिहास वाचला. त्याच कोसंबींनी पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवत दगडी हत्यारं शोधली, खेड्यातल्या देवतांची माहिती गोळा केली आणि भर्तृहरीच्या काव्याच्या हस्तलिखितांचीही छाननी केली. त्यांची शाखा कोणती, हे आपल्या कॉलेजचा अ‍ॅडमिशन फॉर्म सांगू शकेल का?

एक फरक मात्र मान्य करायला हवा. सलीम अलींनी काय लिहिलं याच्याशी किहीमच्या सुगरणींना काही देणंघेणं नव्हतं. त्या खोटंही बोलल्या नाहीत आणि लाजल्याही नाहीत. माणसाचं तसं नाही. त्याला मोजायला गेलं की तो सावध होतो. पगार विचारला की कमी सांगतो, शिक्षण विचारलं की जास्त सांगतो, आणि आपल्याबद्दल काय लिहिलं ते वाचून भांडायलाही येतो. म्हणून समाजाचा अभ्यास सोपा नाही, उलट जास्त कठीण आहे. सोपा आहे असं वाटतं, कारण त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत.

याचं आपल्या सगळ्यांशी थेट नातं असलेलं उदाहरण म्हणजे सच्चर समिती. मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल आला. त्याआधी वर्षानुवर्षं आपल्याबद्दल दोन अफवा जोडीनं फिरायच्या. एक, यांचे लाड होतात. दोन, यांची सगळी मुलं मदरशातच जातात. समितीनं जनगणनेचे, नमुना पाहणीचे आणि बँकांचे आकडे तपासले, राज्याराज्यांत जाऊन लोकांशी बोलणं केलं. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के आणि मुसलमानांची सुमारे ५९ टक्के. आणि मदरशात जाणारी मुलं शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के. ना आरडाओरडा केला, ना कुणावर राग धरला. आकड्यांनी शांतपणे दोन्ही अफवांची हवा काढून घेतली. हे काम अर्थतज्ज्ञांचं आणि समाजाच्या अभ्यासकांचं होतं. पुढे अल्पसंख्याक मुलांसाठी ज्या शिष्यवृत्त्या आल्या त्यांचे फॉर्म मी स्वतः कितीतरी मुलांकडून भरून घेतले आहेत. ज्याला आपण ‘काय कामाचं’ म्हणतो, त्याचे हे काम.

पण आकडा एका जागी येऊन थांबतो. किती मुलींनी शाळा सोडली ते तो सांगतो, का सोडली ते प्रत्येक वेळी सांगत नाही. त्या यंत्रमागवाल्या भाईंच्या मुलीनं अखेर आर्ट्सच घेतलं. अकरावीच्या प्रकल्पासाठी तिनं आपल्याच गल्लीतल्या काही घरांत हाच प्रश्न विचारला. पहिल्या दिवशी सगळीकडे एकच उत्तर, “हालात ठीक नहीं थे.” ती पुन्हा गेली, चहा प्यायली, भाकऱ्या थापायला बसली. तिसऱ्या खेपेला खरी कारणं बाहेर आली. एका घरात कारण होतं शाळेच्या वाटेवरच्या कोपऱ्यावर उभं राहणारं टोळकं. दुसऱ्या घरात कारण होतं शाळेतलं कुलूपबंद संडास. तिसऱ्या घरात आई कांड्या भरायला जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हतं. म्हणजे ‘हालात’ या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार लपले होते, आणि तिघांची दवा वेगळी. असं संशोधन फक्त तिलाच जमलं असतं, कारण तिला त्या घरांत चहा मिळाला.

आम्हा शिक्षकांना बी.एड.मध्ये ‘कृती संशोधन’ करावं लागतं. आपल्याच वर्गातली एक अडचण घ्यायची, नोंदी ठेवायच्या, उपाय करून बघायचा. मी घेतली होती उर्दू माध्यमाच्या मुलांची मराठी. मुलं लिहायची, ‘पाणी आला’, ‘माझी पुस्तक’. नोंदी जमल्यावर दिसलं की या चुका बेफिकिरीच्या नव्हत्याच, त्यांना नियम होता. उर्दूत ‘पानी’ पुल्लिंगी, म्हणून ‘आला’. ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘माझी’. मूल अख्खं व्याकरण डोक्यात घेऊन येत होतं, फक्त ते दुसऱ्या घरचं होतं. मग दोन्ही भाषांतले शब्द जोडीजोडीनं भिंतीवर लावले, आणि वह्या हळूहळू सुधारल्या. जगाच्या दृष्टीनं ही गोष्ट मुंगीएवढी. पण ‘या पोरांना मराठी येतच नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत जेव्हा जेव्हा निघतं, तेव्हा माझ्याकडे उत्तर असतं आणि त्याला पुरावा असतो.

हे सगळं आज जास्त निकडीचं का वाटतं, तेही सांगते. सकाळी मोबाइल उघडला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर एक मेसेज वाट पाहत असतो, ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’. कधी कांदा जवळ ठेवल्यानं ताप जातो हे सिद्ध झालेलं असतं, कधी एखादी अख्खी जमात कशी असते हे सिद्ध झालेलं असतं. कोणी केलं, कुठे केलं, किती लोकांवर केलं, काहीच नसतं. ज्या समाजानं जगाला सनद मागायला शिकवलं, तो समाज दोन बाण असलेला मेसेज डोळे मिटून पुढे पाठवतो, तेव्हा वाईट वाटतं. माझ्या वर्गात मी फळ्यावर तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? आणि आपण तपासायचं ठरवलं तर तपासता येईल का? विषय रसायनशास्त्राचा असो, इतिहासाचा असो की शेजारच्या वस्तीबद्दलचा असो, हे तीन प्रश्न बदलत नाहीत. संशोधनाच्या वाटा हजार आहेत, पण नाक्यावरची चौकी एकच आहे.

आता आमच्याच गावाकडे बघा. मागाच्या खड्या आवाजात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या कामगाराच्या कानांचं काय होतं? कापसाची बारीक धूळ छातीत बसून दम लागतो, त्याला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. आपल्या गल्लीत तो कितीजणांना आहे? नाल्यात रंग सोडला जातो, तो बोअरच्या पाण्यात उतरतो का? सुताचा भाव वाढला की पहिली काटछाट घरातल्या कोणत्या खर्चात होते, दुधात की फीमध्ये? नववीतला मुलगा अचानक मागावर का जातो? आपल्या दखनी बोलीतले मागाचे, सुताचे, रंगाचे शब्द म्हातारी माणसं गेल्यावर कोण सांगणार? लग्नात बायका गातात ती गाणी कोणी लिहून ठेवली आहेत का?

यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांना डॉक्टर लागेल, तिसऱ्याला रसायनशास्त्रवाला, चौथ्याला अर्थशास्त्रवाली, पाचव्याला समाजशास्त्रवाली, सहाव्याला भाषेचा अभ्यासक आणि सातव्याला जिच्यासमोर बायका मोकळेपणानं गातील अशी एखादी मुलगी. एका गल्लीसाठी एवढी माणसं. आजवर आपल्यावर बरंच लिहिलं गेलं. त्यांतलं काही चांगलं होतं, काही दुरून पाहिलेलं होतं. बाहेरचा माणूस विचारायला येतो तेव्हा तो त्याला पडलेले प्रश्न घेऊन येतो. तलाक, दंगल, मदरसा. मागाची धूळ त्याच्या यादीत नसते. तो वाईट असतो म्हणून नव्हे, ती धूळ त्याच्या छातीत गेलेली नसते म्हणून.

म्हणून येत्या जूनमध्ये पोरगा किंवा पोरगी सायन्स घेत असेल तर जरूर घेऊ द्या, आनंदानं घेऊ द्या. पण एखादी म्हणाली की मला माणसांबद्दल शिकायचंय, इतिहास शिकायचाय, भाषा शिकायचीय, तर तिचे मार्क वाया गेले असं समजू नका. आपल्याकडे उत्तरं देणारे पुष्कळ झाले, आता प्रश्न विचारणारे हवे आहेत. आणि त्यांना प्रश्न नीट विचारायला शिकवावं लागतं, नुसतं समाजात राहून ते येत नाही.